दीड केबिनची गाडी

(दृश्य : वरूडजवळची संत्र्याची बाग, सकाळ. क्रेट भरले जात आहेत.)

आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे. झाडाखालचा क्रेट उचलायचा, धुऱ्यापर्यंत न्यायचा, फाळका पाडलेल्या पिकअपमध्ये रचायचा. हौदा भरत जातो तसा मागच्या चाकावरचा पाटा, म्हणजे स्प्रिंग, बघत राहा. रिकाम्या गाडीत चांगला वाकलेला होता, आता जवळजवळ सपाट झालाय.

(दृश्य : गाडी चाकोरीतून निघते. केबिन आणि हौद्यामधली फट, जवळून.)

एक चाक खड्ड्यात गेलं, की केबिन एका अंगाला आणि हौदा दुसऱ्या अंगाला. दोन्ही एकाच चेसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, पण वेगवेगळे बसवलेले. म्हणून चेसी पिळली तरी पत्रा फाटत नाही. या फटीच्या पुढे माणसं, मागे माल. कोणाला किती जागा द्यायची, गाडीचा सगळा हिशेब तिथंच ठरतो.

(दृश्य : गॅरेज. दोन गाड्या शेजारी-शेजारी.)

डावीकडची साध्या केबिनची : ड्रायव्हर आणि शेजारी एक-दोघं. उजवीकडची बोलेरो कॅम्पर : चार दारं, ड्रायव्हर धरून ५ जण, पण हौदा आखूड. इकडच्या रस्त्यांवर दिसतात त्या या दोनच तऱ्हा. ड्रायव्हर म्हणतो, "मानसं बसोली त माल कमी, माल भरला त मानसं वर."

मधली तऱ्हा, म्हणजे दीड केबिनची, अमेरिकेत केव्हाच आली. १९७३ मध्ये डॉजने 'क्लब कॅब' काढली, पुढच्या वर्षी फोर्डने 'सुपरकॅब'. पुढच्या सीटमागे थोडी जागा वाढवली, तिथं घडीच्या छोट्या सीटा दिल्या. मागची दारं नंतर आली, आणि खरी गंमत त्या दारात आहे.

(दृश्य : मिस्त्री साध्या केबिनच्या दारामागे खडूने चौकट आखतो.)

हे अर्धं दार. बिजागऱ्या मागच्या कडेला, म्हणजे उघडतं उलटं. पुढचं दार आधी उघडल्याशिवाय हे हलत नाही. मध्ये खांबच नाही. दोन्ही उघडली की अख्खी बाजू मोकळी. खांबाचं काम दाराच्या आतल्या मजबूत सांगाड्याने करायचं. काही गाड्यांत पुढच्या माणसाचा सीटबेल्टही याच दारात असतो. सीट घडी केली की फवारणीचा पंप, औषधाचे डबे, जेवणाच्या पिशव्या आत, कुलूपबंद. सीट पाडली की दोघं बसतात. गुडघे पोटाशी येतात, हे खरं. नागपूरपर्यंत तिथं कोणाला बसवू नये. बागेतून गावापर्यंत मात्र चालतं.

खडूच्या रेघेवर करवत चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीची मूळ रचना मालकाला मनाने बदलता येत नाही. म्हणून ही जागा कंपनीनेच द्यायला हवी.

(दृश्य : तोडणीच्या बाया क्रेटांवर चढतात.)

मालाच्या गाडीत अशी माणसं न्यायला बंदी आहे. गाड्या उलटतात, माणसं जातात.

(दृश्य : ड्रायव्हर दोर आवळतो.)

ड्रायव्हरचा प्रश्न वेगळाच : "हौदा तेवढाच ठिवून देतेत का?"

देता येतो, पण मग चेसी लांबवावी लागते. चेसी लांबली की वळण मोठं होतं. संत्र्याची झाडं इथं साधारण ६ मीटरवर. आत्ताचीच गाडी त्याने दोनदा रिव्हर्स घेऊन ओळीबाहेर काढली. हौदा हातभर कमी चालेल का, यावर तो अजून मालकाशी बोललेला नाही.