हापसा गावाच्या हाती : परदेशातल्या स्वयंसेवकाचे अखेरचे महिने

नमस्कार श्रोतेहो. आपली लेक किंवा मुलगा स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत पाण्याच्या कामावर असेल, तर मुदतीच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत घरी येणारे फोन कमी होतात. तिकडं तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं, ते आज पाहू. पुढं जाऊ इच्छिणाऱ्यांनीही ऐकावं.

उदाहरण युगांडाचं घेऊ. तिथं खेड्यापाड्यांत बोअरवर दिसणारा ‘यू-टू’ हापसा म्हणजे आपलाच इंडिया मार्क टू हातपंप. त्याचा मूळ नमुना सोलापूरचा, म्हणजे हापसा तसा शेजारचाच.

शेवटच्या तीन महिन्यांत नवी बोअर मारायला घेऊ नये. मागणी मात्र नेमकी तेव्हाच वाढते. गावाला वाटतं, पाहुणा जायच्या आत पाणी लागावं. कार्यालयाला वाटतं, उरलेला निधी मुदतीत संपावा. खोदाई दोन दिवसांत उरकेल हो. पण उपसा चाचणी, पाण्याची तपासणी, ओटा बांधून त्यावर पाणी मारणं आणि गावाची पाणी समिती उभी करणं उरकत नाही. घाईत बसवलेल्या हापशाला पुढं वाली राहत नाही.

त्यापेक्षा जुने हापसे एकेक करून तपासावेत. पाणी येईपर्यंत हापसायचं, मग अर्धा तास हात लावायचा नाही. त्यानंतर चार-पाच वेळा दांडा मारल्यावर पाणी आलं तर ठीक. जास्त वेळा मारावा लागला, तर खालची झडप तरी गळते किंवा पाईपचा जोड तरी. दुसरी चाचणी : मिनिटात ४० वेळा पूर्ण दांडा मारून बादलीत पाणी मोजायचं. चांगला हापसा १२ ते १५ लिटर देतो. १० च्या खाली आला की वायसर झिजले समजा.

मार्क टूमध्ये वायसर बदलायला सगळे पाईप वर काढावे लागतात. पाईप तीन मीटरचा. सिलिंडर, म्हणजे पाणी वर ढकलणारा खालचा भाग, ३० मीटरवर असेल तर दहा पाईप, आतल्या सळ्या वेगळ्या. लोखंडच शंभर किलोच्या वर जातं. चार-पाच माणसं आणि घट्ट धरणारा क्लँप नसेल तर पाईप सुटून बोअरमध्ये जातो, आणि तो काढायला गळ टाकत बसावं लागतं. गावच्या मिस्त्रीनं हे काम आपल्या हातानं करावं. स्वयंसेवकानं तेव्हा मागं उभं राहायचं, पाना हातात घ्यायचा नाही. हे सांगायला सोपं आहे. पाण्याला रांग लागलेली असताना फार अवघड जातं.

हापसा पुन्हा बसवला की ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर १५ लिटर पाण्यात कालवून बोअरमध्ये ओतायची, रात्रभर ठेवायची आणि वास जाईपर्यंत उपसून टाकायची.

पाईप वर आले की गंज बघावा. पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल, तर जस्ताचा मुलामा दिलेला गॅल्व्हनाइज्ड पाईप आतून गंजतो, आटे जातात, पाणी तांबूस येतं. तिथं पुन्हा तसलाच पाईप घालणं म्हणजे पैसे पाण्यात. स्टेनलेस स्टीलचा महाग पडतो, पण टिकतो.

प्रत्येक हापशाची वही ठेवावी : बोअरची खोली, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, पाईप किती आणि कसले, वायसर कधी बदलले, सुटे भाग कुठल्या दुकानात मिळतात. इंग्रजी अहवाल कार्यालयासाठी. ही वही गावाच्या भाषेत, खजिनदाराकडं. दांड्याच्या साखळीला महिन्याला ग्रीस लावायचं, नट आवळायचे, हेही तिच्यातच लिहावं.

पैशाचं तर आधीच उरकावं. समितीच्या खात्यावर स्वयंसेवकाची सही असेल तर ती दोन महिने आधी काढावी, म्हणजे पुढची एखादी दुरुस्ती तो तिथं असतानाच समितीच्या सहीनं होईल. अडलं तर तेव्हाच कळतं.

आता घरच्यांसाठी. युगांडाहून येणाऱ्याकडं पीतज्वराच्या लसीचं कार्ड लागतं, नाहीतर मुंबईच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. हरवलं असेल तर निघायच्या आधीच दुसरं काढून घ्यावं, आणि कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवावं, मोठ्या बॅगेत नको. नमस्कार.