वागळे इस्टेटमध्ये उघडलेला कन्व्हर्टर

[लेथ सुरू. लोखंडाचा कीस]

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला हा गाळा. लेथच्या चकमध्ये आवळलाय तो ऑटोमॅटिक गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा. कारखान्यातून तो वेल्ड होऊन, चारी बाजूंनी बंद होऊन येतो. बिघडला की बहुतेक ठिकाणी अख्खा बदलतात. इथले मेस्त्री तो उघडतात. वेल्डच्या रेषेवर टूल टेकतं, एका वेळी केसभर धातू निघतो.

[दोन अर्धे वेगळे होतात]

आत तीन चाकं. इंजिनबरोबर फिरणारा इम्पेलर, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं टर्बाइन आणि मधोमध छोटा स्टेटर. इम्पेलर तेल फेकतो, त्या तेलाच्या जोरावर टर्बाइन फिरतं. परतणाऱ्या तेलाला स्टेटर वळवून पुन्हा इम्पेलरच्या कामी लावतो. गाडी जागची हलते तेव्हा या वळणामुळेच इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट होतो.

[स्टेटर, मेस्त्रींची बोटं]

इकडे फिरतो, तिकडे अडतो. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या साधारण 90 टक्क्यांवर पोचला की स्टेटरही तेलाबरोबर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्कची वाढ थांबते. 1905 मध्ये जर्मनीच्या हर्मन फ्योटिंगर यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन भरधाव फिरायचं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा होता.

[टॅकोमीटर]

ब्रेक घट्ट दाबून, गिअर डीमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दिला, तर इंजिन जिथवर चढून अडतं तो स्टॉल स्पीड. रोजच्या गाड्यांत तो 2000 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास असतो. या गाडीला मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवलाय आणि तो 3000 नंतर जागा होतो. जुना कन्व्हर्टर इंजिनला त्याआधीच धरून ठेवायचा, म्हणून सुटताना गाडीत दमच नसायचा.

[इम्पेलरची पाती, अगदी जवळून]

खरं काम इथं आहे. पात्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या उलट दिशेला किंचित वाकवली की तेलाचा मारा हलका होतो, इंजिनला मोकळीक मिळते, स्टॉल वर सरकतो. प्रत्येक पात्याला गेज लागतो, पुन्हा लागतो, मगच हात पुढच्या पात्याकडे जातो. हे कौशल्य आपल्या शहरात आहे, हे ठाणेकरांना कळायलाच हवं.

मेस्त्री सुरुवातीलाच इंजिनचा डायनो रिपोर्ट, म्हणजे मशीनवर मोजलेल्या ताकदीचा कागद, मागतात. कारण स्टॉलचा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनमागे लावला तर आकडा वर जातो, कमी टॉर्कच्या मागे लावला तर खाली येतो. ‘तीन हजारचा द्या’ असं म्हणून काउंटरवर मिळणारी ही वस्तू नाही.

[जोडणी]

नवी सील, नवी बेअरिंग. दोन्ही अर्धे जुळले की डायल गेज लावून तपासायचं, सुई डगमगली तर पुन्हा सरळ करायचं. मग वेल्ड. आत हवा भरून पाण्यात बुडवायचं, एक बुडबुडा दिसला तरी परत. शेवटी बॅलन्सिंग.

[स्टॉल टेस्ट]

पाच सेकंदांच्या वर पाय ठेवायचा नाही, तेल झपाट्यानं तापतं. सुई 3200 वर स्थिरावते. टर्बो आता गाडी सुटण्याआधीच भरलेला असेल.

पण स्टॉल स्पीडच्या खाली घसरण वाढते, म्हणजे टर्बाइन इम्पेलरच्या मागं पडतं. तेल लवकर जळतं, मायलेज पडतं, तेलासाठी वेगळा कूलर लागतोच. गायमुख घाटाच्या चढावर रोज ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीला असा कन्व्हर्टर बसवू नये. आणि या ताकदीची परीक्षा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर तर कधीच नाही.

[बंपर उतरवलेली गाडी]

ही गाडी ट्रेलरवरून बंद धावपट्टीवर जाणार आहे. कूलरची जागा बंपरमागे आखून झाली, उद्या पाइप जोडले जातील.