मार्टिन्सव्हिलची शेवटची फेरी: भिंत, नियम आणि स्टँडमधला अर्धा तास

नमस्कार मंडळी! आज उलट्या बाजूने सुरू करूया, शेवटच्या फेरीपासून.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला मार्टिन्सव्हिल स्पीडवे. नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संघटनेची, ५०० फेऱ्यांची शर्यत, त्यातल्या ४९९ संपल्यात. रॉस चॅस्टेन दहावा चाललाय. विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जायचं तर त्याला या एका फेरीत किमान दोन जागा वर यायला हवं. पुढच्या गाड्या वळणासाठी ब्रेक मारतात. हा मारत नाही. पाचवा गिअर टाकतो, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवतो आणि अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबून ठेवतो. स्टिअरिंग जवळजवळ सोडून दिलेलं. गाडी वळवण्याचं काम भिंत करतेय. आतल्या बाजूने एक गाडी मागे पडते, दुसरी, तिसरी. रेषा ओलांडली तेव्हा हा पाचवा होता. ज्याच्याशी त्याची गुणांची लढाई चालली होती तो डेनी हॅमलिन सहावा.

त्या फेरीला लागले १८.८४५ सेकंद. या ट्रॅकवर स्टॉक कारने, म्हणजे नॅस्कारमध्ये पळते तशा गाडीने, मारलेली सगळ्यात वेगवान फेरी! बाकीच्यांना तीच फेरी मारायला वीस सेकंदांहून जास्त लागत होते.

आता नीट ऐका. त्या दिवशी हे नियमात बसत होतं. तीन महिन्यांनी बसेनासं झालं. आणि दोन वर्षांनी, याच ट्रॅकवर, शेवटच्याच फेरीत, भिंतीला टेकल्यामुळे दुसऱ्या एका ड्रायव्हरची विजेतेपदाची संधी गेली. त्या दिवशी मी स्टँडमध्ये होते. शेजारी बाबा, आणि मांडीवर चकलीचा डबा.

(स्क्रीनवर ट्रॅकचा आराखडा)

हा ट्रॅक बघा. कागदाला लावायची क्लिप असते ना, तसाच. दोन लांब सरळ बाजू, आणि दोन टोकांना अगदी घट्ट वळणं. एक फेरी ०.५२६ मैलांची, म्हणजे साधारण ८४७ मीटर. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक चक्कर मारता, त्याहूनही कमी. एवढ्याशा जागेत चाळीसेक गाड्या. सरळ भाग जेमतेम २४४ मीटर, त्यावर डांबर; वळणांवर मात्र काँक्रीट. वळणांचा उतार फक्त १२ अंश. डेटोनासारख्या मोठ्या ट्रॅकवर ३१ अंशांचा उतार गाडीला धरून ठेवतो. इथे धरून ठेवायला काही नाही, म्हणून प्रत्येक वळणावर ब्रेकवर उभं राहायचं. ५०० फेऱ्या म्हणजे हजार वेळा.

एच. क्ले अर्ल्स नावाच्या स्थानिक माणसाने तो बांधला. पहिली शर्यत सप्टेंबर १९४७ मध्ये झाली, ती रेड बायरनने जिंकली. तेव्हा ट्रॅक मातीचा होता. बसायच्या जागा तयार होत्या ७५०, आणि तिकीट काढून माणसं आली सहा हजारांवर. धुळीने सगळे माखून घरी गेले. नॅस्कार ही संघटना अधिकृतपणे स्थापन झाली फेब्रुवारी १९४८ मध्ये. म्हणजे नियम करणाऱ्या संस्थेपेक्षा हे मैदान वयाने मोठं! १९४९ साली नॅस्कारची मुख्य मालिका सुरू झाली, त्या पहिल्या वर्षापासून आजपर्यंत वेळापत्रकात टिकलेला हा एकमेव ट्रॅक आहे. डांबर १९५५ मध्ये आलं. आणि १९६४ पासून इथे जिंकणाऱ्याला कप देत नाहीत. माणसाएवढं उंच, लंबकाचं लाकडी घड्याळ देतात. या भागात फर्निचरचे कारखाने होते, इथल्या रिजवे गावात अशी घड्याळं बनायची, त्यावरून अर्ल्सना ही कल्पना सुचली. ड्रायव्हर लोक करोडो कमावतात, पण या घड्याळासाठी जीव टाकतात.

'स्टॉक' म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी. सुरुवातीला खरंच तशा गाड्या पळायच्या. आज फक्त चेहरा शेव्हरलेट, फोर्ड, टोयोटाचा. आतून सगळी शर्यतीसाठीच बांधलेली.

आता नियम. सगळे सांगत बसणार नाही. स्टँडमध्ये बसल्यावर जे डोळ्यांनी दिसतात तेवढेच सांगते, कारण माझ्या मते या खेळाची खरी गंमत तीच आहे. इथे नियम पुस्तकात वाचावा लागत नाही, तो समोर घडताना दिसतो.

सगळ्यात आधी पिवळा झेंडा, कॉशन. अपघात झाला, ट्रॅकवर काही पडलं की पिवळा. सगळ्यांनी वेग कमी करायचा, सगळ्यांपुढे हळू चालणाऱ्या पेस कारच्या मागे रांग लावायची. पूर्वी पिवळा लागला तरी ड्रायव्हर रेषेपर्यंत शर्यत करायचे, कारण रेषेवर जो जिथे तिथली त्याची जागा. २००३ च्या सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरला डेल जॅरेटची गाडी ट्रॅकच्या मधोमध बंद पडली आणि बाकीचे भरधाव त्याच्याच दिशेने येत होते. बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. लगेच नियम बदलला: पिवळा लागला त्या क्षणी जो जिथे आहे तीच त्याची जागा. पण मग एक फेरी मागे पडलेल्यांनी ती भरून कशी काढायची? त्यांच्यातला जो सगळ्यात पुढे, त्याला एक फेरी परत मिळते. याला सगळे 'लकी डॉग' म्हणतात. मार्टिन्सव्हिलला हे फार महत्त्वाचं, कारण ट्रॅक छोटा, आघाडीवरचा ड्रायव्हर वीस-एकवीस सेकंदांत परत तुमच्या मागे हजर! निम्मे लोक फेरी गमावून बसलेले असतात.

दुसरं, रीस्टार्ट. हिरवा झेंडा दाखवायच्या आधी गाड्या दोन-दोनच्या रांगेत लागतात. ट्रॅकवर एक खूण रंगवलेली असते. तिथे येईपर्यंत प्रत्येकाने ठरवायचं, आतली रांग की बाहेरची. हा नियम २०२० पासूनचा. इथे बाहेरच्या रांगेत अडकलात तर आतून पाच-सहा गाड्या निघून जातात आणि तुम्हाला आत शिरायला फटच मिळत नाही. काही जण एक जागा मागे राहणं पत्करतात, पण आतली रांग सोडत नाहीत. स्टँडमध्ये वर बसलं की हा निर्णय घेतानाची घालमेल स्पष्ट दिसते. शेवटच्या क्षणी गाडी डावीकडे झुकते आणि अख्खा स्टँड ओरडतो.

तिसरं, टप्पे. २०१७ पासून शर्यतीचे तीन भाग केलेत. पहिल्या दोन भागांच्या शेवटी पहिल्या दहांना १० पासून १ पर्यंत गुण. म्हणून शर्यतीच्या मधेच, काहीही कारण नसताना, आठव्या आणि नवव्यात जीवघेणी मारामारी दिसली तर चकित होऊ नका. कारण आहे.

आणि धक्का? धक्का चालतो. मागून बंपर लावून पुढच्याला वळणावर जरा बाजूला करणं, हे इथलं रोजचं. पण सूड चालत नाही. २०१५ मध्ये इथेच, आघाडीवर असलेल्या जोई लोगानोला मॅट केन्सेथने मुद्दाम भिंतीत घातलं. केन्सेथ स्वतः कित्येक फेऱ्या मागे होता, त्याला त्या जागेची गरजच नव्हती. नॅस्कारने त्याला दोन शर्यती घरी बसवलं. मला हा निर्णय पटतो. जागेसाठीचा धक्का आणि रागाचा धक्का यांतला फरक पुस्तकात लिहिता येत नाही, पण स्टँडमधल्या पोरालाही तो कळतो.

आता चॅस्टेनकडे परत येऊया. टरबूज पिकवणाऱ्या फ्लोरिडातल्या शेतकरी घरातला हा मुलगा. जिंकला की गाडीवर उभा राहून टरबूज फोडतो. भिंतीची कल्पना आली कुठून, तर लहानपणी भावासोबत खेळलेल्या व्हिडिओ गेममधून! जगभर ती क्लिप फिरली. पण बाकीचे ड्रायव्हर सगळे खूश नव्हते. पुढच्या वेळी तीन-चार जणांनी एकाच वेळी भिंत धरली तर? भिंतीत गाड्या आत-बाहेर करायची फाटकं असतात, त्यात अडकलं तर? भिंतीपलीकडे जाळी, आणि जाळीपलीकडे आपण. ३१ जानेवारी २०२३ ला नॅस्कारने सांगितलं की नवा नियम करायची गरज नाही, सुरक्षेचा जुना नियम आहे तोच लावू. यापुढे असं केलंत तर दंड, म्हणजे वेळ किंवा फेरी कापली जाणार. मी चॅस्टेनची ती फेरी शंभर वेळा पाहिली असेल, आणि तरीही बंदी योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

आता ३ नोव्हेंबर २०२४. भाऊबीजेचा रविवार. आम्ही शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लटला राहतो. नॅस्कारचे बहुतेक संघ याच परिसरात आहेत, त्यामुळे ऑफिसात, किराणा दुकानात, सगळीकडे या शर्यतींच्या गप्पा. बाबा दिवाळीला आले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. म्हटलं, यांना देवळं आणि मॉल किती दाखवायचे? दोन-सव्वादोन तासांचा रस्ता, कूलरमध्ये फराळ, पाणी. हो, खाणं नेता येतं. चौदा इंची मऊ कूलर चालतो, काचेची बाटली नाही. जायच्या आधी वेबसाइटवर एकदा बघून घ्या. आणि मांसाहारी असाल तर इथला हॉट डॉग खाल्ल्याशिवाय येऊ नका. आतलं सॉसेज भडक गुलाबी, वर चिली (मसालेदार खिम्याचं सारण), कोबी, कांदा, मोहरीचा सॉस, आणि सगळं मेणकागदात गुंडाळलेलं. कागद उघडेपर्यंत पाव वाफेने मऊ झालेला असतो. कित्येक वर्षं तो २ डॉलरला मिळायचा.

कानात घालायला बोळे न्याच, लहान मुलांना मोठे हेडफोन. आवाज कानाला नाही, छातीला लागतो. आणि शक्य असेल तर स्कॅनर भाड्याने घ्या. त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या माणसांचं बोलणं थेट ऐकू येतं. वर छतावर उभा असलेला स्पॉटर त्याला सांगत असतो, आत आहे, अजून आहे, मोकळा. ते ऐकल्याशिवाय अर्धी शर्यत कळतच नाही.

आमच्या शेजारी पासष्टीचे एक गृहस्थ होते, डोक्यावर २० नंबरची टोपी. क्रिस्टोफर बेलचा नंबर. लक्षात आहे? २०२२ ची ती शर्यत जिंकली होती याच बेलने. आम्ही त्यांना चकली दिली, त्यांनी बाबांना एक जादा हेडसेट दिला. साठेक फेऱ्या झाल्या असतील, बाबांनी हवेत नाक उचललं. "अगं, ब्रेकचा लायनर जळतोय." मी म्हटलं, बाबा, इथे चाळीस गाड्यांचे जळतायत. संध्याकाळ उतरायला लागली तेव्हा वळणावर चाकांच्या आत तांबड्या चकत्या दिसायला लागल्या. तापलेल्या ब्रेक डिस्क. बाबा पुढच्या दीड तासात गाड्यांकडे बघतच नव्हते, फक्त चाकांकडे. माझ्या ओढणीवर रबराचे काळे कण येऊन पडत होते, टायरचे. उदबत्तीच्या राखेसारखे वळलेले, पण चिकट.

शर्यत रायन ब्लेनीने जिंकली. पण खरी लढाई मागे होती. अंतिम चौघांतल्या शेवटच्या जागेसाठी बेल आणि विल्यम बायरन यांच्यात एकेका गुणाची मारामारी. शेवटच्या फेरीत बेलने एक जागा मिळवली, गुण समान झाले, आणि टायब्रेकर बेलच्या बाजूने. शेजारचे काका उभे राहून टोपी हलवत होते. पण ती जागा मिळवताना शेवटच्या वळणावर बेलची गाडी बाहेर सरकली आणि भिंतीला लागून पुढे गेली.

आणि मग सगळं थांबलं. जवळपास अर्धा तास निर्णयच नाही. विजेत्याचं घड्याळ एकीकडे, आणि आमची नजर दुसरीकडे. एरवी झेंडा पडला की लोक पार्किंगकडे धावतात. त्या दिवशी कितीतरी जण जागेवरच. स्कॅनर कानाला, मोठ्या स्क्रीनवर तीच क्लिप परत परत. बाबांनी मला विचारलं, "मुद्दाम केलं का त्याने?" बेलने नंतर सांगितलं की तसा हेतू नव्हता, गाडी घसरली. मलाही तसंच वाटतं. पण नियम हेतू विचारत नाही, भिंत धरून पुढे गेलास का एवढंच विचारतो. बेलला दंड झाला, तो खाली गेला. बायरन अंतिम चौघांत.

त्यात आणखी एक गोष्ट होती. शेवटच्या फेऱ्यांत बायरनच्या मागे दोन गाड्या जोडीने चालल्या होत्या, त्याला ओलांडायचा प्रयत्नही न करता. आणि बेलसमोरची बुबा वॉलेसची गाडी अचानक मंदावली होती. शर्यतीचा निकाल जुळवून आणल्याबद्दल नॅस्कारने त्याच आठवड्यात तिघा ड्रायव्हरना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड केला आणि ५० गुण कापले. वॉलेस, ऑस्टिन डिलन आणि तिसरा रॉस चॅस्टेन. होय, तोच. मला भिंतीच्या दंडापेक्षा हा दंड जास्त महत्त्वाचा वाटतो. भिंत धरणारा निदान पुढे जायला धडपडत असतो. तिकीट काढून आलेल्या माणसासमोर मुद्दाम न लढणं, याला मी माफ करू शकत नाही.

निर्णय जाहीर झाला तेव्हा काकांनी स्कॅनरची वायर हाताला गुंडाळली. बाबांनी हेडसेट परत केला. काकांनी डब्यातली शेवटची चकली घेतली, खाली, रिकाम्या ट्रॅकवरच्या काळ्या पट्ट्यांकडे बघितलं आणि विचारलं, "वसंतात येणार ना परत?" मार्टिन्सव्हिलला वर्षात दोनदा शर्यत होते. मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांना म्हणावं, जागा धरून ठेवा."