दहा मीटरवरचा ठिपका

रविवारची सकाळ, अख्खं नागपूर तर्री पोह्याच्या गाड्यांवर, अन् ही मंडळी थेट शूटिंग रेंजवर. कोणी बँकेतलं, कोणी कॉलेजातलं, ते निळ्या टी-शर्टातले काका रिटायर झालेत. मेडलच्या मागे कोणीच नाही, सुट्टीचा दिवस नेम धरण्यात घालवायचा एवढंच.

पहिले नियम. ते ऐकल्याशिवाय कोच कोणाला बंदुकीला हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, पुढे कोणी टार्गेट बदलायला गेलं की बंदूक खाली ठेवून मागे सरकायचं. नळीतून बाहेर आलेली ही केशरी दोरी बघा, हा सेफ्टी फ्लॅग, दोरी आरपार दिसतेय म्हणजे आत काही नाही.

ही एअर पिस्तूल. बारूद नाही, नळीखालच्या सिलेंडरमधली दाबलेली हवा पेलेटला, म्हणजे छोट्या छर्र्याला, ढकलते. पेलेट ४.५ मिलिमीटरचं, शिशाचं, तोंड चपटं, म्हणून कागदाला असं गोल स्वच्छ भोक पडतं.

आता ताईंचा हात बघा. पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसरा खिशात नाहीतर बेल्टला. पाय खांद्याएवढे फाकवलेले. हात वर, श्वास घेतला, हात हळूहळू काळ्या गोलाखाली येतो, अर्धा श्वास सोडून थांबतात, आता नजर टार्गेटवर नाही हां, नजर नळीच्या टोकावरच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, ती एकदम स्पष्ट अन् मागचं टार्गेट धूसर दिसायला पाहिजे, आणि ट्रिगर ओढायचा नाही, दाबत दाबत न्यायचा. आठ-दहा सेकंदात शॉट नाही सुटला तर हात खाली, श्वास घ्या, परत सुरू. सुटल्यावरही हात तसाच एक क्षण धरून ठेवायचा.

(इथं बोलणं नाही, फक्त रेंजवरचा आवाज.)

पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचा, म्हणजे दहा गुणांचा, गोल ११.५ मिलिमीटरचा. रायफलवाल्यांचा दहा बघा, तो मधला पांढरा ठिपका, फक्त अर्धा मिलिमीटर! दहा मीटरवरून! म्हणून तर अंग हलू नये यासाठी रायफलवाले हे जाड, ताठ जॅकेट घालतात, नागपूरच्या गर्मीतही.

हवेवरची आहे म्हणून खेळणं समजू नका, डोळ्याला लागलं तर डोळा जातो, आणि शिसं हाताळलं की जेवायच्या आधी साबणाने हात धुवायचेच.

तेजस्विनी सावंत २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन, राही सरनोबत २०१८ ला एशियाडमध्ये गोल्ड, स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ, तिघंही कोल्हापूर जिल्ह्याचे. एका जिल्ह्यात हा खेळ एवढा रुजतो तर आपल्या विदर्भात का नाही रुजणार? पोरांना हात लावायला बंदूक तर मिळाली पाहिजे, ती घ्यायला जातात लाखो रुपये, म्हणून अशा भाड्याने मिळणाऱ्या रायफली अन् अशा रविवारच्या बॅचेस पाहिजेत, भरपूर पाहिजेत.

या कॉलेजच्या पोरीचं कार्ड बघा. वरची भोकं इकडे तिकडे सांडलीत, खालच्या कार्डात सगळी डावीकडे पण एका जागी जमलीत. कोच म्हणतात हेच पाहिजे, एका जागी पडतायत म्हणजे हात बसला, बाकी साइटचा स्क्रू फिरवून दुरुस्त होतं. बघा, फिरवताहेत.

यायचं असेल तर सपाट तळव्याचे बूट घाला, चपला नको, आणि मुलांसोबत आईबाबांपैकी एकजण तरी या.