चौथ्या सामन्याआधीची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या पूर्व भागात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जून महिन्यात आपल्याकडे मुंबईत दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे साडेसहा झालेले असतात. १२ जून २०१५ या दिवशी, शुक्रवारी, अशाच सकाळी मी माटुंग्यातल्या घरी दूरचित्रवाणीपुढे बसलो होतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स यांच्यातला चौथा सामना क्लीव्हलँडच्या मैदानावर सुरू होत होता आणि मालिकेत क्लीव्हलँड दोन-एक असे पुढे होते. वॉरियर्सचे सुरुवातीचे पाच खेळाडू मैदानात आले तेव्हा त्यांत सात फूट उंचीचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट नव्हता. त्याच्या जागी आंद्रे इगुओडाला उभा होता आणि त्याने त्या अख्ख्या मोसमात एकाही सामन्यात पहिल्या पाचांत जागा घेतलेली नव्हती. संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या एका अदलाबदलीने फार काही शिकवले आणि आज तुमच्याशी मी त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. नागपाड्याच्या कोर्टवर असो, की माटुंग्याच्या, हरलेला संघ त्याच संध्याकाळी बॅगा भरून लोकल पकडतो. तिथल्या प्रशिक्षकाला एकच संध्याकाळ मिळते आणि त्या संध्याकाळी सुचले ते सुचले. वानखेडेवर २ एप्रिल २०११ रोजी धोनी युवराजच्या आधी फलंदाजीला आला, कारण मुरलीधरनची ऑफस्पिन चालू होती आणि डावखुऱ्या गंभीरच्या जोडीला उजव्या हाताचा फलंदाज हवा होता. तो निर्णय थोर खराच, पण तो एका रात्रीचा होता. एनबीएची अंतिम मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची असते, चार जिंकणारा विजेता ठरतो, आणि दोन सामन्यांच्या मधल्या एक-दोन दिवसांत दोन्ही प्रशिक्षक एकाच चित्रफितीकडे रात्ररात्र पाहत बसतात. त्यामुळे तिथे केलेला प्रत्येक बदल हा समोरच्याने आधीच्या सामन्यात विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर असतो आणि त्या उत्तरावर पुढच्या सामन्यात नवा प्रश्न येणार, हे दोघांनाही ठाऊक असते.

त्या वर्षी क्लीव्हलँडने विचारलेला प्रश्न अगदी स्पष्ट होता. केव्हिन लव्ह खांद्याच्या दुखापतीमुळे आधीच बाहेर होता आणि कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याची वाटी पहिल्या सामन्यातच मोडली होती. तरीही लेब्रॉन जेम्सच्या हाती चेंडू ठेवून, खेळाची गती मुद्दाम मंद करून आणि उंच खेळाडूंच्या बळावर रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परतलेले चेंडू, मिळवून त्यांनी दुसरा सामना ९५-९३ आणि तिसरा ९६-९१ असा जिंकला. मोसमात ६७ सामने जिंकलेला, धावता खेळ खेळणारा वॉरियर्सचा संघ शंभरी गाठू शकत नव्हता. बोगट बचावात भक्कम होता, पण तो लांबून बास्केट करत नसे. त्यामुळे त्याच्यावर नेमलेला सात फूट एक इंचाचा टिमोफेय मोझगॉव्ह निर्धास्तपणे रिंगखाली थांबे. वॉरियर्सच्या स्टेफन करीवर दोन-दोन खेळाडू धावून गेले तरी क्लीव्हलँडच्या पाठीमागे घर राखायला एक पहारेकरी शिल्लक राही.

चौथ्या सामन्याच्या आदल्या रात्री वॉरियर्सच्या चमूतला एक तरुण सहायक, अठ्ठावीस वर्षांचा निक युरेन, हॉटेलच्या खोलीत जुनी चित्रफीत पाहत होता आणि ती त्यांच्या मालिकेची नव्हतीच. ती आदल्या वर्षीच्या, २०१४ च्या अंतिम मालिकेची होती. त्या मालिकेत सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी मायामीविरुद्ध एक-एक अशी बरोबरी असताना तिसऱ्या सामन्यात उंच सेंटर टियागो स्प्लिटरला बसवून बोरिस डिऑला सुरुवातीपासून खेळवले होते. डिऑ देहाने जड होता, चपळ नव्हता, पण कोणाला पास द्यायचा हे त्याला चेंडू हातात येण्याआधीच दिसत असे. त्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच स्पर्सनी ७१ गुण केले, त्यांचे दर चारांतले तीन प्रयत्न बास्केटमध्ये गेले आणि पुढचे दोन्ही सामने जिंकून त्यांनी विजेतेपद मिळवले. हे पाहून युरेनने रात्री उशिरा ल्यूक वॉल्टन या सहप्रशिक्षकाला फोन केला आणि पहाटे तीनच्या सुमारास मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर यांना संदेश पाठवला. मुख्य प्रशिक्षक म्हणून कर यांचे ते पहिलेच वर्ष होते. सकाळी संदेश वाचून त्यांनी ती सूचना मान्य केली आणि सामना जिंकल्यावर सर्वांसमक्ष युरेनचे नाव घेतले. वयाने आणि पदाने सर्वांत धाकट्याची सूचना मनापासून ऐकणे आणि तिचे श्रेय त्याच्याच पदरात घालणे या दोन्ही गोष्टींना मी बदलाइतकेच महत्त्व देतो. सामन्याआधी पत्रकारांनी विचारले असता कर यांनी संघात बदल नसल्याचे सांगितले होते आणि नंतर आपण खोटे बोललो हे त्यांनी स्वतःच कबूल केले. मला ते आवडले नाही, कारण गप्प राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता.

आता बदल नेमका कसा लागू पडला ते पाहू. बोगट बाहेर गेल्यावर सेंटरची जागा ड्रेमंड ग्रीनकडे आली. मोझगॉव्हसमोर तो जवळपास अर्ध्या फुटाने ठेंगणा होता. पण आता वॉरियर्सचे पाचही जण चेंडू हाताळू शकत होते, पास देऊ शकत होते आणि रिंगपासून दूर उभे राहू शकत होते. करीवर दोघे धावून गेले की चेंडू मधोमध ग्रीनकडे जाई, ग्रीन वळून रिंगकडे पाही आणि समोर चार विरुद्ध तीन असा हिशेब उभा राही. मोझगॉव्हला आता रिंग सोडून बाहेर यावे लागे, नाहीतर कोणीतरी मोकळा सापडे. चाल संथ ठेवणेही क्लीव्हलँडला जमेना, कारण प्रत्येक चुकलेल्या बास्केटनंतर पाच जण एकदम धावत सुटत.

पण सामना सुरू झाला तो क्लीव्हलँडच्या बाजूने, आणि बघता बघता धावफलकावर सात-शून्य लागले. ही दोन मिनिटे मला प्रशिक्षकाच्या कसोटीची वाटतात. स्वतः काल रात्री घेतलेला निर्णय सर्व जगासमोर फसताना दिसत असतो, वगळलेला सेंटर दोन हातांवर बसलेला असतो आणि त्याला उठवून आत पाठवणे ही सर्वांत सोपी गोष्ट असते. कर यांनी टाइमआउट घेतला, पण पाचांचा मूळ बेत मोडला नाही. पहिला क्वार्टर संपेपर्यंत वॉरियर्स पुढे गेले होते आणि सामना त्यांनी १०३-८२ असा जिंकला. इगुओडालाने त्यात २२ गुण केले.

या सामन्यातला एक आकडा मी मुलांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवतो. मोझगॉव्हने त्या रात्री २८ गुण मिळवले होते आणि तरीही त्याचा संघ एकवीस गुणांनी हरला. ठेंगण्या संघासमोर उंच खेळाडूने भरपूर गुण घ्यावेत हा सौदा कर यांनी डोळसपणे मान्य केला होता, कारण दुसऱ्या टोकाला त्याहून अधिक मिळणार होते. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांनी पाचव्या सामन्यात त्याच मोझगॉव्हला जेमतेम नऊ मिनिटे खेळवले आणि आपलाही संघ ठेंगणा व वेगवान केला. लेब्रॉनने ४० गुण, १४ रिबाउंड आणि ११ असिस्ट (सहकाऱ्याला थेट बास्केट मिळवून देणारे पास) केले, करीने ३७ गुण केले आणि क्लीव्हलँड १०४-९१ असे हरले. दमलेल्या, दोन प्रमुख खेळाडू गमावलेल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून ब्लॅट यांच्यासमोर चांगला पर्याय क्वचितच होता हे मला मान्य आहे. पण ज्या खेळात आपण सर्वांत कच्चे आहोत तोच खेळ प्रतिस्पर्ध्याच्या म्हणण्यावरून स्वीकारणे ही चूक होती असे माझे मत आहे. सहावा सामना १०५-९७ असा जिंकून वॉरियर्सनी चाळीस वर्षांनी विजेतेपद मिळवले.

प्रत्येक बदल मात्र ठेंगण्या संघाकडेच नेतो असे नाही. २०२५ च्या मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडरचे प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी पहिल्याच सामन्यात उंच आयझाया हार्टेन्स्टाइनऐवजी केसन वॉलेस या गार्डला, म्हणजे रिंगपासून दूर राहून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला, सुरुवातीपासून खेळवले. टायरीस हॅलिबर्टनच्या शेवटच्या क्षणीच्या बास्केटमुळे इंडियाना पेसर्सनी तो सामना १११-११० असा घेतला. दुसरा सामना थंडरने त्याच पाचांनिशी जिंकला हेही खरे, पण दोन-एक असे मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात डेग्नॉल्ट यांनी हार्टेन्स्टाइनला परत पहिल्या पाचांत आणले. तो सामना त्यांनी १११-१०४ असा जिंकला आणि अखेर सातव्या सामन्यात विजेतेपदही मिळवले. आधी केलेला बदल मागे घेण्यात कमीपणा मानला नाही, हे मला त्यांच्या प्रशिक्षणातले फार मोठे बळ वाटते.

आणि २०११ साली डॅलसचे प्रशिक्षक रिक कार्लाईल यांनी मायामीविरुद्ध दोन-एक अशा पिछाडीवर असताना डेशॉन स्टीव्हन्सन या बचावपटूला बसवून, सहा फूटही न भरणाऱ्या जे. जे. बारेयाला सुरुवातीपासून आणले, तेव्हा बारेयाचे पहिले तीन सामने चांगले गेलेले नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या उंच, ताकदवान गार्डांसमोर तो टिकणार नाही असे कोणालाही वाटले असते. कार्लाईल यांना मात्र त्याच्या वेगाने रिंगकडे घुसण्यात डर्क नोवित्स्कीसाठी मोकळी जागा दिसत होती. तापाने फणफणलेल्या नोवित्स्कीच्या संघाने चौथा सामना ८६-८३ असा जिंकला आणि त्यापुढचे दोन्हीही.

श्रोतेहो, या सर्व कथांत एक माणूस उठून बाहेर बसलेला असतो आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. वॉरियर्सकडे हे बसणे आधीपासून रुजलेले होते. इगुओडालाने त्या मोसमापूर्वीच्या कारकिर्दीतल्या सर्व ७५८ सामन्यांत पहिल्या पाचांत खेळलेले असूनही वर्षाच्या सुरुवातीला बेंचवर बसणे स्वीकारले होते. नंतर अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. बोगटला मात्र चौथ्या सामन्यात तीनेक मिनिटे मिळाली आणि त्यानंतर त्याची गरजच पडली नाही. २०२२ साली बोस्टनविरुद्ध चौथ्या सामन्यात कर यांनी केव्हॉन लूनीऐवजी ऑटो पोर्टरला सुरुवात दिली, तेव्हा लूनी बेंचवरून उठून २८ मिनिटे खेळला, त्याने ११ रिबाउंड घेतले आणि वॉरियर्सनी १०७-९७ असा विजय मिळवला.

आमच्या कोर्टवर गेल्या हिवाळ्यात अशी वेळ माझ्यावर आली. संघातल्या सर्वांत उंच मुलाला अंतिम सामन्यात सुरुवातीला बसवायचे मी ठरवले आणि आदल्या संध्याकाळी, सराव संपल्यावर, त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलालाही शेजारी उभे करून त्याला तसे सांगितले. तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिला आणि मग त्याने विचारले, "सर, मी बसून नेमके काय बघू?" समोरच्या संघाचा सेंटर पास घेतल्यावर कोणत्या खांद्यावरून वळतो ते बघ, असे मी सांगितले. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर मी त्याला उठवले, तेव्हा टॉवेल खांद्यावरून काढताना तो म्हणाला, "सर, दर वेळी डाव्या. मी मोजलंय, आठ वेळा." मग तो आत गेला आणि त्या सेंटरच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभा राहिला.