कोकणच्या बागा फाल्गुनात बघा

फलकावर विषय लिहिलाय, 'वसंतातली कोकण सहल : बागा आणि आखणी'. आखणीवर मी येणारच आहे. पण आधी बरीच वर्षं मनात साचलेली एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय आखणी का करायची तेच कळणार नाही.

आपण सगळे कोकणात जातो ते मे महिन्यात. मुलांच्या परीक्षा होतात, सुट्टी लागते, आपण निघतो. मीही पहिल्यांदा तशीच गेले, एका सहल कंपनीबरोबर. पत्रकात छापलं होतं, 'आंबा बागेस भेट'. बस बागेच्या फाटकाशी पोचली दुपारी अडीचला. चिऱ्याच्या गडग्याला हात लावला तर चटका बसत होता. पडवीत कोकम सरबत मिळालं, पेट्यांचे भाव कळले आणि पंचवीस मिनिटांत शिट्टी वाजली. बागेत कोणी पाऊल टाकलं नाही! मी तेवढ्यात मागच्या दाराने आत शिरले, तर कलमांवरचा आंबा उतरून झालेला. खाली पाचोळा आणि दोन रिकामे क्रेट. मालक माझ्या मागोमाग आले होते. म्हणाले, "बाई, वरातीमागून आलात तुम्ही." त्यांच्या बोलण्यात चिडचीड नव्हती, वाईट वाटणं होतं. वर्षभर राबून उभं केलेलं कोणाला दाखवताच आलं नाही, याचं ते वाईट वाटणं.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते. कोकणातली बाग बघायची तर काम चालू असताना बघा. आणि ते काम डोळ्यांत मावत नाही इतकं दाट असतं फाल्गुन-चैत्रात. काजूला बोंडं लटकलेली, कोकमाचे रातांबे अजून हिरवे, पांगारा पेटलेला, आणि हापूसची पहिली तोडणी सुरू. तोडणी सकाळी बघावी. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि पातं असलेला झेला असतो, त्याने आंबा देठासकट कापून अलगद जाळीत घेतात. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो. काढलेला आंबा उन्हात ठेवत नाहीत, लगेच सावलीत नेतात. उन्हाच्या तापाने आत साका धरतो, म्हणजे गर पांढरट, भुसभुशीत होतो, आणि साका बाहेरून दिसत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण एका गड्याने हातातला आंबा सदऱ्याच्या सावलीत धरून झाडापासून मांडवापर्यंत नेलेला पाहिला, तेव्हा ते मला कळलं.

आता सुरंगीच्या फुलाचं सांगते. इथे कितीजणांनी सुरंगी झाडावर पाहिली आहे? हात वर करा. तीन, चार. गजरा पाहिला असेल, मालवणीत त्याला वळेसार म्हणतात. वेंगुर्ल्याजवळ आसोली, आरवली या भागात सुरंगीची झाडं आहेत, चांगली उंच. या झाडाचं फूल कोवळ्या शेंड्याला येत नाही. जून फांदीच्या सालीतूनच कळ्यांचे घोस फुटतात, जणू लाकडालाच मोती आलेत. मी एका घरी उतरले होते. घरच्या वहिनी म्हणाल्या, बघायचं असेल तर चारला उठा. उठले. बाहेर मिट्ट काळोख, आणि काळोखात तो वास. झाडावर त्यांचे यजमान आणि मुलगा, कपाळाला बॅटरी बांधलेले. हाताने चाचपून कळे काढायचे आणि कमरेच्या पिशवीत टाकायचे. मी विचारलं, एवढ्या अंधारात का? उजाडल्यावर दिसेल तरी. वहिनी म्हणाल्या, "फुलल्यार कोण घेणा नाय."

एवढंच. कळा उमलला की वळेसारात ओवता येत नाही, बाजारात जात नाही. सगळी किंमत पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत. उजाडताना मी खाली उभी होते, वरचे राहिलेले कळे उमलू लागले आणि मधमाश्यांचा असा गलका सुरू झाला की झाडच बोलतंय असं वाटावं. वहिनी अंगणात बसून ओवत होत्या. एक वळेसार माझ्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत. घरी आणला, सुकला, पिवळ्याचा तपकिरी झाला, तरी कपाटात वास होता पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मे महिन्यात गेले असते तर या झाडाखालून चालत गेले असते आणि मान वर केली नसती.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं. पोफळीच्या वाडीतलं शिपणं, पाटाचं पाणी एकेका आळ्यात कसं वळवतात, ते सविस्तर सांगायचं होतं, ते राहू दे. श्रीवर्धनला किंवा गुहागरला गेलात तर संध्याकाळी वाडीत जाऊन बसा, स्वतःच बघाल.

तर आखणी. तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. अधिक महिना आला की पाडवा पुढे सरकतो, झाड सरकत नाही. झाड थंडीवर चालतं. जानेवारीत बागवाल्याला फोन करा आणि एकच विचारा, मोहोर कधी आला? त्यात साडेतीन-चार महिने मिळवा, तोडणीचा सुमार कळेल. थंडी लांबली आणि मोहोर पुन्हा फुटला, तर तोच माणूस तुम्हाला पुढची तारीख सांगेल.

शिमग्याचे पहिले पाच-सात दिवस टाळा. चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात, आणि पालखी दारात येणार असेल त्या दिवशी घरच्यांना पाहुण्यांकडे बघायला वेळ नसतो. प्रत्येक गावचे दिवस निराळे, ते विचारून घ्या.

चार दिवस असतील तर एकच टापू धरा. दक्षिणेला जाणार असाल तर कुडाळला उतरून वेंगुर्ला. तिथे 1957 पासूनचं फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती तिथल्याच. जोडून गोव्यात फोंड्याकडचं एखादं कुळागर: वर माड, खाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, त्याखाली जायफळ, केळ, अननस. एकाच जमिनीत चार मजले. उत्तरेला जाणार असाल तर खेडला उतरून दापोली, तिथे 1972 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे. रत्ना आणि सिंधू या आंब्यांची झाडं बघायची असं आधी कळवून जा. सिंधूची कोय इतकी पातळ की हातात घेऊन बघण्यासारखी. मधे रत्नागिरीला भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, तिथे अर्धा दिवस पुरे.

मुक्काम बागेतच करा, निदान दोन रात्री एका जागी. पहाटेचं आणि संध्याकाळचं काम दुसऱ्या दिवशी कळतं, पहिल्या दिवशी आपण नुसते पाहुणे असतो. अंगभर सुती कपडे, बंद चपला, बॅटरी. आणि मुलांना न्या, शाळेचे चार दिवस बुडाले तरी. शाळेत चिठ्ठी मी लिहून देते, खरंच सांगते, इथे खाली येऊन नावं द्या.