मोबाईलचा पत्ता भाड्याचा असतो

नमस्कार मंडळी. वायफाय जोडलेलं दिसतंय पण काहीच उघडत नाही, असं कधी झालं तर रीस्टार्ट करायच्या आधी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता बघा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर समजा की तुमच्या लॅपटॉपने हाक मारली, कोणीच ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतलाय.

ही हाक म्हणजे काय ते ऐका. वायफायवर नवीन आलेल्या मोबाईलकडे पत्ता नसतो आणि पत्ता कोण देतो हेही त्याला ठाऊक नसतं, मग तो 0.0.0.0 असा कोरा पत्ता लावून 255.255.255.255 वर, म्हणजे तिथल्या सगळ्यांनाच विचारतो, पत्ता देणारं कोणी आहे का? ते काम डीएचसीपी सर्व्हरचं (डीएचसीपी म्हणजे असे पत्ते आपोआप वाटायची पद्धत), घरी तो राउटरमध्येच असतो. तो म्हणतो, 192.168.1.23 मोकळा आहे, देऊ का? आता मला सगळ्यात आवडतो तो भाग, मोबाईल तो पत्ता गुपचूप उचलत नाही, पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की मी ह्याच्याकडचा घेतोय, कारण दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनेही पत्ता राखून ठेवला असेल तर त्याला तो सोडता यायला हवा ना! मग सर्व्हर होकार देतो आणि सोबत गेटवे (बाहेरच्या इंटरनेटकडे जायचं दार), डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) वगैरे माहितीही पाठवतो.

1993 साली डीएचसीपी आलं. त्याआधी 1985 पासून पत्ते द्यायला बूटपी नावाची पद्धत होती, पण त्यात कुठल्या मशीनला कुठला पत्ता ही यादी माणसाला हाताने ठेवावी लागायची. डीएचसीपीने पत्ता मुदतीवर द्यायला सुरुवात केली, त्या मुदतीला लीज म्हणतात. समजा लीज 24 तासांची आहे, तर साधारण 12 तासांनी मोबाईल त्याच सर्व्हरकडे मुदत वाढवून मागतो, उत्तर नाही आलं तर 21 तासांनी पुन्हा सगळ्यांना विचारतो, आणि तरीही काही झालं नाही तर मुदत संपल्यावर पत्ता सोडतो.

एकदा एका कार्यक्रमात वायफाय सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी सगळं मस्त चाललं, दुपारी नवीन आलेल्यांना नेटच मिळेना, स्पीडही चांगला होता, पासवर्डही बरोबर. राउटरची लीजची यादी उघडली तर वाटायला ठेवलेले 100 च्या 100 पत्ते गेलेले, आणि त्यातले कितीतरी सकाळीच निघून गेलेल्या लोकांच्या नावावर, कारण लीज होती एक दिवसाची! नुसती लीज कमी करून भागलं नसतं, आधी दिलेल्यांची मुदत तशीच राहते, म्हणून गेलेल्यांच्या नोंदी काढल्या, लीज एक तासाची केली, आणि दाराशी उभ्या असलेल्या ताईंनी वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं तसं त्यांना लगेच नेट मिळालं.